भार कोणी वाहावा?

दानधर्माचे रूप काळानुसार पालटत आले आहे. विहीर, पाणपोई, धर्मशाळा, अन्नछत्र, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह ही पूर्तकर्मे आपल्या देवस्थानांनी आणि ज्ञातिसंस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. अलीकडे त्यांत रक्तशोधनाच्या, म्हणजे ज्यास सर्वजण डायलिसिस म्हणतात त्या उपचाराची भर पडली आहे. कोणी यंत्र देतो, कोणी एखाद्या गरजू रुग्णाचा वर्षभराचा खर्च उचलतो. हे दान स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु ज्या वस्तूचे दान करावयाचे ती वस्तूच जेव्हा बदलू लागते, तेव्हा दात्यानेही क्षणभर थांबून विचार करणे प्राप्त होते. रुग्णाने कमरेला बांधून हिंडावे असे रक्तशोधक यंत्र घडवण्याचा उद्योग आज जगात अनेक ठिकाणी चालू आहे. तो सिद्धीस गेला म्हणजे रुग्ण खाटेवरून सुटेल, ही आशा योग्यच आहे. आमच्यापुढचा प्रश्न थोडा निराळा आहे. आजवर जो भार रुग्णालय वाहत होते, तो या यंत्राबरोबर कोणाच्या अंगावर येणार? आणि तो त्याने एकट्यानेच वाहावा काय?

हा प्रश्न हुबळी-धारवाडच्या रहिवाशांस परका वाटू नये. १९५७ साली हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेज निघाले. १९९६ पासून ते ‘किम्स’ या नावाने सर्वांच्या तोंडी बसले. २००३ साली धारवाडजवळ सत्तूर येथे धर्मस्थळाच्या परंपरेतील एसडीएम संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. हावेरी, गदग आणि घाटाखालचा कारवार जिल्हा येथील रुग्णांस दुखणे विकोपास गेले म्हणजे हुबळीचीच वाट धरावी लागते. आता तालुक्याच्या ठिकाणीही रक्तशोधनाची यंत्रे आली आहेत, तरी ज्यास आठवड्यातून तीन वेळा घर सोडून यंत्रापाशी जावे लागते, त्याचा संसार त्या तीन दिवसांभोवतीच फिरू लागतो. शेतमजुराची तीन दिवसांची मजुरी बुडते. त्यास घेऊन जाणाऱ्या मुलाची किंवा पत्नीचीही बुडते.

निरोगी मनुष्याची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर टाकून बाकीचा देहास परत देतात. हे काम आठवड्याचे १६८ तास अव्याहत चालते. यंत्र तेच काम चार-चार तासांच्या तीन बैठकांत, म्हणजे १२ तासांत उरकू पाहते. त्यामुळे दोन बैठकांच्या मधल्या काळात अंगात पाणी साचते, क्षार वाढतात. रुग्णास उन्हाळ्यातही पाणी मापून प्यावे लागते. देवाचा प्रसाद म्हणून हाती आलेले केळे किंवा शहाळ्याचे पाणी हेही त्यातील पोटॅशियममुळे वैद्यास विचारूनच घ्यावे लागते. मूत्रपिंडाप्रमाणे अखंड चालणारे यंत्र मनुष्यास हवेसे वाटते ते या कारणाने. अंगावर वागवण्याजोग्या यंत्राची कल्पना केवळ हौसेतून जन्मलेली नाही.

या विद्येचा इतिहास पाहिला तर तिच्या प्रत्येक पायरीवर एकेक नैतिक प्रश्न उभा असलेला दिसतो. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली पडद्यातून बारीक कण पलीकडे जातात व मोठे कण अलीकडे राहतात हे दाखवून या क्रियेस नाव दिले. १९१३ साली अमेरिकेत जॉन एबल यांनी जनावरांवर पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालवले. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेला पदार्थ त्यांस वापरावा लागला. मनुष्यास जीवदान देणारे यंत्र मात्र दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये तयार झाले. विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर ग्रोनिंगनच्या रुग्णालयात होता. १९४० साली जर्मन सैन्य आले तेव्हा त्याचे ज्यू गुरू पोलाक डॅनियल्स व त्यांची पत्नी यांनी आत्महत्या केली. त्यांच्या जागी नाझी पक्षाचा मनुष्य आला, तेव्हा कोल्फ ती जागा सोडून कांपेन या लहान गावी गेला. तेथे १९४३ साली त्याने लाकडी पट्ट्यांचे पिंप करून त्यावर सेलोफेनची लांब नळी गुंडाळली व ते क्षारयुक्त पाण्यात फिरवून रक्त शुद्ध करण्याचा यत्न आरंभिला. पहिल्या पंधरा-सोळा रुग्णांपैकी जवळजवळ कोणीच वाचले नाही. १९४५ साली ज्या ६७ वर्षांच्या स्त्रीस त्या यंत्राने मृत्यूच्या दारातून परत आणले, ती नाझींची पक्षपाती म्हणून कैदेत असलेली स्त्री होती.

हा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या अत्याचाराने गुरूने प्राण दिला, त्यांच्याच बाजूच्या व्यक्तीस शिष्याने वाचवले. गावातील पुष्कळांस ते रुचले नसेल. परंतु वैद्याने रुग्णाची लायकी पाहावयाची नसते, त्याचे रक्त पाहावयाचे असते, हा धडा कृत्रिम मूत्रपिंडाच्या पहिल्याच यशात सामावलेला आहे. युद्धानंतर कोल्फने आपली यंत्रे इतर देशांतील रुग्णालयांस देऊन टाकली, हेही येथे सांगितले पाहिजे.

हा धडा पाळणे किती कठीण, हे पुढच्या पायरीवर दिसले. १९६० साली सिॲटल येथील डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी योजली. त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत त्यांसही वर्षानुवर्षे जगवणे शक्य झाले. त्यांचा पहिला रुग्ण ११ वर्षे जगला. पण रुग्ण पुष्कळ आणि यंत्रे थोडी. म्हणून सिॲटलमध्ये नावे गुप्त ठेवलेल्या सात जणांची एक समिती नेमली गेली. कोणास यंत्र मिळावे, म्हणजे कोणी जगावे, हे ती ठरवी. १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकातील लेखाने ही गोष्ट जगापुढे आली. रुग्ण विवाहित आहे की नाही, त्यास मुले किती, त्याचे उत्पन्न काय, तो चर्चच्या कामात भाग घेतो काय, असल्या गोष्टी ती समिती विचारात घेत असे. समितीतील माणसे दुष्ट नव्हती. ती तुमच्या-आमच्यासारखीच, आपल्या समाजात सज्जन म्हणून ओळखली जाणारी माणसे होती. आणि नेमके म्हणूनच त्यांस आपल्यासारखा मनुष्य अधिक लायक दिसे. १९७२ साली अमेरिकेत कायद्याने या उपचाराचा खर्च सरकारने उचलला, तेव्हा ती तराजू मोडली.

आपल्याकडे २०१६ साली पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू होऊन दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस जिल्हा रुग्णालयांत हा उपचार विनामूल्य मिळू लागला. तरीही, एखाद्या देवस्थानापाशी पाच रुग्णांपुरता पैसा असून अर्ज पंधरा आले, तर सिॲटलची ती समिती आपल्याही सभागृहात येऊन बसते. ‘आपल्यातला’ अर्जदार आधी, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचार ज्ञातीच्या वसतिगृहास शोभेल. रक्तशोधनाच्या दानास तो शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याने ज्ञातीच्या निधीस कधी हात लावला नाही आणि ज्याच्या घरात आपली भाषा बोलली जात नाही, त्याचेही रक्त त्याच विषाने दूषित झालेले असते.

पैशाची अडचण दूर झाली तरी पाण्याची उरते. एका बैठकीस यंत्रातून दर मिनिटास सुमारे ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांत तो १२० लिटर होतो. हे पाणी पिण्याच्या पाण्याहूनही शुद्ध असावे लागते आणि ते शुद्ध करताना वाया जाते ते वेगळेच. हुबळी-धारवाडात २००८ च्या सुमारास आठ प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा बाकीच्या प्रभागांत नळास पाणी कित्येक दिवसांआड येत असे. मलप्रभेचे पाणी सौंदत्तीहून आणणाऱ्या या जोडशहरात घरातील माणसांनी घागरी मोजाव्यात आणि खाटेवरच्या रुग्णाने एका बैठकीत १२० लिटर घ्यावे, हा विरोध कोणाच्याही ध्यानात येईल. त्यात रुग्णाचा दोष काहीच नाही. परंतु यंत्र घडवणाऱ्यापुढे हे एक ऋण मांडून ठेवलेले असते.

अंगावरच्या यंत्राचे रहस्य याच पाण्यात आहे. वापरलेला द्रव फेकून न देता तो शोषक पदार्थांच्या नळकांड्यातून नेऊन पुन्हा ताजा करावयाचा, ही त्यातील मूळ कल्पना. युरिएज हे विकर युरियाचे अमोनियात रूपांतर करते, झिर्कोनियमचे संयुग तो अमोनिया धरून ठेवते, कोळशाची पूड इतर मळ शोषते. अशा रीतीने १२० लिटरचे काम अर्ध्या लिटरहून कमी द्रवात भागते. कोल्फ यांनीच उतारवयाकडे झुकताना, १९७० च्या दशकात, अमेरिकेतील यूटा विद्यापीठात असे वागवता येण्याजोगे यंत्र करून पाहिले. पुढे व्हिक्टर गुरा या डॉक्टरांनी सुमारे पाच किलो वजनाचा, विद्युत्‌घटावर चालणारा कमरपट्टा सिद्ध केला. २००७ साली लंडनमध्ये आठ रुग्णांनी तो चार ते आठ तास वापरला. त्यात दोघांच्या नळ्यांत रक्त गोठले आणि एकाची सुई जागची सरकली. यंत्राने मात्र प्रवाह थांबवला, अपाय झाला नाही. नंतर सिॲटलमध्येच सात रुग्णांवर चोवीस तासांपर्यंतचा प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांनी समाधान व्यक्त केले. परंतु द्रवात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे साचू लागले आणि प्रयोग सातव्या रुग्णाशीच थांबवावा लागला. सिंगापूरमध्ये पोटातील पडद्याचा उपयोग करणारे, रक्त बाहेर न काढणारे असेच एक यंत्र तयार होत आहे. मुंबईस पवईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक जयेश बेल्लारे व त्यांचे विद्यार्थी यांनी रक्त गाळणाऱ्या पोकळ तंतूंवर दीर्घकाळ काम केले आहे. ई जीवनसत्त्वापासून बनवलेला पदार्थ मिसळून ते तंतू रक्तास अधिक सोसणारे व्हावेत, हा त्यांच्या प्रयत्नांचा एक भाग. एवढे सर्व झाले असले तरी अंगावरचे यंत्र अजून प्रयोगावस्थेतच आहे, हे आशेने वाचणाऱ्या प्रत्येक रुग्णाने ध्यानी ठेवावे आणि आपली ठरलेली बैठक चुकवू नये.

येथवर आलो म्हणजे मूळ प्रश्न पुन्हा पुढे येतो. रुग्णालयातील यंत्राने आवाज केला तर परिचारिका धावते. नळीत रक्त गोठले तर तंत्रज्ञ पाहतो. द्रवाचे प्रमाण, पाण्याची शुद्धता, विजेचा खंड, या सर्वांची चिंता दुसरे कोणी वाहते. तेच यंत्र कमरेला आले की मध्यरात्रीच्या त्या आवाजास जागे कोणी व्हावयाचे? सुई सरकली हे कोणी पाहावयाचे? ठराविक काळाने शोषक नळकांडे कोणी बदलावयाचे? यंत्राचे वजन पाच किलोंवरून दोन किलोंवर आणता येईल. या जागरणाचे वजन कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

हा भार कोठे जाऊन पडतो याचा अनुभव आपणांस आजही आहे. पोटातील पडद्यातून घरच्या घरी करावयाचा डायलिसिस भारतात १९९१ पासून चालू आहे आणि २०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रमातही त्याचा समावेश झाला. त्यात दिवसातून साधारण चार वेळा द्रवाच्या पिशव्या बदलाव्या लागतात. हात धुणे, जागा स्वच्छ ठेवणे, पिशव्या तपासणे, पू झाला की काय याकडे लक्ष ठेवणे हे काम ज्या घरात रुग्णास स्वतः जमत नाही, त्या घरात बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते. मूत्रपिंडाचे दान पाहिले तरी हेच दिसते: आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया फार अधिक आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष फार अधिक. कुटुंबाचा त्याग म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, तो बहुधा कुटुंबातील एकाच व्यक्तीचा त्याग असतो. अंगावरचे यंत्र आले आणि आपण सावध राहिलो नाही, तर रुग्णालयाने खाली ठेवलेले ओझे हीच व्यक्ती निमूटपणे उचलील.

यावर असे म्हणता येईल की, स्वातंत्र्याची किंमत मोजावीच लागते. रुग्णास घरी, आपल्या माणसांत, आपल्या कामावर राहता येत असेल तर थोडे जागरण कोण मोठे? हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. ज्याने वर्षानुवर्षे आठवड्याचे तीन दिवस छताकडे पाहत काढले आहेत, त्यास विचारले तर तो कदाचित आनंदाने हा सौदा करील, आणि तो त्याचा अधिकार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, हा सौदा त्याने डोळे उघडे ठेवून करावा, आणि ज्या दुसऱ्या व्यक्तीचे जागरण त्या सौद्यात गहाण पडते तिलाही विचारले जावे. जागा सुटली म्हणजे श्रम सुटले असे होत नाही. खाटेपासूनची मुक्ती ही एक गोष्ट, चिंतेपासूनची दुसरी.

म्हणून यंत्राची रचना ही केवळ शिल्पज्ञाची बाब राहत नाही. पट्टा कसा असावा हे ठरवताना तो नकळत कोणी काय सोसावे हेही ठरवीत असतो. पँट घालणाऱ्या पुरुषाच्या कमरेसाठी बेतलेला पट्टा लुगडे नेसणाऱ्या बाईने कोठे बांधावा? पंगतीस मांडी घालून बसताना नळी दुमडेल काय? देवापुढे साष्टांग नमस्कार घालता येईल काय? ज्वारीच्या रानातील धूळ आणि मे महिन्यातील ऊन त्यास सोसेल काय? सूचना कन्नड, मराठी, कोंकणी बोलणाऱ्या आणि कदाचित वाचता न येणाऱ्या मनुष्यास कळेल काय? हुबळी-धारवाडात अभियांत्रिकीची जुनी महाविद्यालये आहेत, २०१६ पासून धारवाडात आयआयटीही आहे. येथील विद्यार्थ्यांस शोषक पदार्थांचे नवे शास्त्र लगेच शोधता आले नाही तरी हे प्रश्न विचारता येतील, कारण ज्यांना ते विचारावयाचे ती माणसे त्यांच्या दाराशीच आहेत.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात आणखी एक शंका येईल. रक्त देहाबाहेर आले की सोवळे मोडते अशी रूढी आहे. मग असा पट्टा बांधलेल्या मनुष्याने देवळात यावे काय, पूजेस बसावे काय? आम्ही शास्त्राधिकारी नाही. तरी इतके सांगावेसे वाटते की, या यंत्रात रक्त सांडत नाही. ते बंद नळीतून फिरून ज्या देहाचे त्याच देहात परतते. नळी ही त्या देहाचीच एक वाढवलेली शीर आहे. मूत्रपिंड जे काम आत करते तेच ती बाहेर करते, आणि ते काम शुद्धीचेच आहे. ज्याचे रक्त क्षणोक्षणी शुद्ध केले जात आहे त्यास अशुद्ध म्हणून दाराबाहेर ठेवणे यात विसंगती आहे. वृद्धाच्या काठीस आणि आंधळ्याच्या चष्म्यास आपण कधी अडवले नाही. त्या पट्ट्यासही अडवू नये.

मग देवस्थानांनी काय करावे? आमच्या मते यंत्रावर दात्याचे नाव कोरण्याआधी यंत्रामागच्या माणसाचा विचार करावा. रक्तशोधनाच्या एका यंत्राइतकेच, त्यावर काम करणाऱ्या एका शिकलेल्या तंत्रज्ञाचे वर्षाचे वेतन हेही दान आहे. घरी उपचार घेणाऱ्या कुटुंबास महिन्यातून काही दिवस विसावा मिळावा म्हणून शिकवून तयार केलेले स्वयंसेवक पाठवणे हे दान आहे. पुढे अंगावरची यंत्रे आली तर त्यांच्या सुट्या भागांचा साठा आणि रात्री फोन उचलणारा जाणता मनुष्य, हे त्या यंत्राहून मोठे दान ठरेल.

आणि सर्वांत मोठे दान रोग होऊ न देण्याचे. मधुमेह व रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची मुख्य कारणे. रक्तदाब मोजून आणि रक्त व मूत्र यांची साधी तपासणी करून ती वेळेवर कळतात. पर्तगाळच्या मठाकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांस काणकोण तालुका परिचित आहे. त्या तालुक्यात मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या माणसांतही मूत्रपिंडाचा विकार मोठ्या प्रमाणात आढळला असून भूजलातील सिलिकेसारख्या घटकांवर अभ्यासकांनी संशय घेतला आहे. जेथे आपण तीर्थ घेतो त्याच मातीतील विहिरीचे पाणी शेजाऱ्यास बाधत असेल, तर त्याची चौकशी करणे हा धर्मकार्याचाच भाग मानला पाहिजे.

उत्सवात देवाची पालखी निघते. ती जड असते, वाट चढणीची असते, तरी ती मुक्कामी पोहोचते; कारण एका खांद्याने ती कोणी वाहत नाही, आणि थकलेल्याने मागावे त्याआधीच बाजूचा पुढे होऊन खांदेपालट करतो. आजाऱ्याचे यंत्र उद्या कितीही हलके झाले तरी त्याची चिंता जड राहणार आहे. ती वाहणाऱ्याच्या शेजारून आपण चालत आहो की नाही, आणि त्याने मागण्यापूर्वी खांदा पुढे करीत आहो की नाही, यावर आपल्या दानाची परीक्षा व्हावी.